ओट्यावरचा फर्स्ट क्लास

हिल्डाला लंडनला पोचवायला सकाळी अर्धं आंबोली गावठाण विमानतळावर गेलं होतं, आणि दुपारी जेवायच्या वेळेला हिल्डा टॅक्सीने परत आली.

पोचवायला गेलेली मंडळी तिच्या आधीच घरी येऊन जेवायला बसली होती. विमानतळाच्या गच्चीवरून त्यांनी विमानाला हात हलवले होते, रुमाल ओले केले होते. पुढच्या शिडीवरून कोट घातलेली कोणी बाई चढताना दिसली तेव्हा "तीच ती! आमची हिल्डा! बघा कशी रुबाबात चढते!" असं इसिडोरकाका इतक्या जोरात ओरडले होते, की शेजारच्या अनोळखी पंजाबी कुटुंबानेही त्या बाईला टाटा केला होता. आता तिच्याच नावाने डुकराचं इंद्याल आणि मैद्याचे तळलेले फुगे हाणत मंडळी वाद घालत होती, की विमान एव्हाना अरबस्तानावर असेल की इराणवर. तेवढ्यात दाराशी टॅक्सी थांबली.

हिल्डा उतरली. अंगात लुगड्यावर लोकरीचा कोट, लेकीने लंडनहून पाठवलेला. महिना मे. घामाने कपाळावरची पावडर गालावर आणि गालावरची गळ्यावर आली होती. मागून तिचा मुलगा मार्कस ट्रंक घेऊन उतरला. त्याचा चेहरा बघून मंडळींनी ताटं बाजूला सारली.

झालं होतं ते एवढंच. मार्कस ओरिएंट क्राऊन एअरवेजमध्ये होता. विमानात जेवणाचे ट्रे चढवायचं खातं त्याच्याकडे. कंपनी नोकरांच्या आईबापांना कधीमधी फुकट पास देई. यंदा साहेबाची मर्जी बसली म्हणून तो पास फर्स्ट क्लासचा मिळाला. मार्कसने आईला नीट सांगितलं होतं, "मम्मा, सीट रिकामी राहिली तरच हां." हिल्डाने त्यातलं 'फर्स्ट क्लास' तेवढं ऐकलं आणि बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

पुढे महिनाभर आंबोलीत दुसरा विषय नव्हता. वर्सोव्याहून सुके बोंबील घेऊन येणारी कोळीणसुद्धा पाटी उतरवायच्या आधी विचारायची, "कवा चाललीस गो लंडनला?" हिल्डा तिला ओट्यावर बसवून समजावून सांगायची, की विमानात पुढे बसतात ते पाहुणे आणि मागे बसतात ते निव्वळ प्रवासी. पुढच्यांना बशी काचेची, मागच्यांना प्लॅस्टिकची. लेकीचं बाळंतपण करायला ती चालली होती, पण विनीचं नाव या सगळ्यात शेवटी यायचं, तेही कोणी आठवण केली तर.

विमानतळावर फर्स्ट क्लासच्या काउंटरला कुंदा नावाची एक मुलगी होती. तिने हिल्डाला बघून असं काही हसून "या मॅडम" म्हटलं, की हिल्डाने मागे वळून सगळ्यांनी ते पाहिलं ना याची खात्री करून घेतली. मग कुंदाने पास पाहिला. हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याच्या मागची मुलगी निघून गेली.

"मॅडम, आपण जरा बाजूला थांबाल का?"

"मी फर्स्ट क्लास हाय."

"हो मॅडम. फर्स्ट क्लास, पण पासवर. आधी तिकीटवाले बसतील, मग आमचे मोठे ऑफिसर, मग त्यांच्या घरचे."

"मग?"

"मग आपण."

वर्ग पहिला आणि नंबर शेवटचा, असा तो मामला होता. तरीही एक सीट उरलीच होती. पण पलीकडे एक नामांकित सतारवादक उभे होते. परदेशी कार्यक्रमाला निघालेले. त्यांनी स्वतःला एक सीट घेतली होती आणि सतारीला एक.

"सतारीला सीट?" हिल्डाचा विश्वास बसेना. "ती काय जेवणार हाय?"

"तिचं तिकीट काढलंय मॅडम," कुंदा हसतच म्हणाली. "पूर्ण भाड्याचं. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मखमली खोळीतली सतार दोघांनी उचलून नेली. एक जण दुसऱ्याला सारखा "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता. हिल्डाला सकाळपासून तसं कोणीही म्हटलं नव्हतं.

आणि आता ती स्वतःच्या दारात उभी होती. ओट्याच्या पायऱ्या चढून तिने उंबऱ्यावर पाय उचलला, तोच आतून इसिडोरकाका ओरडले.

"थांब! पाय आत टाकू नको!"

इसिडोरकाका म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याचे काका. त्यांनी आयुष्यात नोकरी केली नव्हती, घरातले नियम तेवढे लक्षात ठेवले होते, आणि जो त्यांना नीट जेवू घालील त्याच्या बाजूने ते नियम वळायचे. हा नियम मात्र खरोखरच जुना होता. या घरातून जो समुद्रापार जाईल त्याच्यासाठी आदल्या संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे लदीनची प्रार्थना म्हणायची, सगळ्यांनी गुडघ्यावर बसून त्याला देवाच्या हवाली करायचं. एकदा ती लदीन झाली, की त्या माणसाने परदेश गाठून आल्याशिवाय हा उंबरा ओलांडायचा नाही. काकांचा आजा बस्त्याव, जहाज लांबलं म्हणून परत घरी येऊन झोपला, आणि आठवड्यात मेला.

बस्त्याव उंबऱ्याने मेला नव्हता, टोपभर शिळी कोलंबी खाऊन मेला होता, हे हिल्डाला ठाऊक होतं. सासूनेच तिला सांगितलं होतं. पण ती कधी बोलली नाही, कारण नियम कामाचा होता. तिची धाकटी जाऊ एडना नवी नवरी असताना एडनाच्या नवऱ्याची, जॉनीची, बोट लांबली होती. लदीन होऊन गेली म्हणून हिल्डाने त्याला बोट सुटेपर्यंत ओट्यावर झोपवलं होतं. आत एडना रडत होती आणि हिल्डा सांगत होती, "रड हां, पण नियम तो नियम."

आता तीच एडना स्वयंपाकघरातून बाहेर आली. जॉनी आजही बोटीवरच होता. एडनाच्या कमरेला घराच्या चाव्यांचा जुडगा खुळखुळत होता. काल लदीन झाल्यावर सगळ्यांसमोर भाषण करून हिल्डानेच तो तिच्या हातात दिला होता.

"काय गो एडना, तू तरी सांग काकांना," हिल्डा म्हणाली.

"मी काय सांगू वयनी? तुमीच शिकवलेला नियम." एडनाने मान तिरकी केली आणि हसली. "बसा ना ओट्यावर. तुमी आता पाव्हण्या."

हिल्डाला ते हसू कुठे तरी नुकतंच पाहिल्यासारखं वाटलं. कुठे ते आठवायला तिला वेळ लागला नाही.

ओट्यावर खाट आली. खाटेवर कोरी चादर आली. मग एडना ट्रे घेऊन आली. ट्रेवर ख्रिसमसला काढायच्या कपात चहा, कपाखाली बशी, बशीवर इस्त्रीचा रुमाल.

"वयनी, चहा आणू की लिंबूपाणी?"

"चहा तर आणलास ना? मग विचारतेस काय?"

"विचारायचं असतं ना, फर्स्ट क्लासला." एडना ट्रे ठेवून आत गेली. कमरेच्या चाव्या दारापासून मोरीपर्यंत वाजत गेल्या. हिल्डाने चहा घेतला नाही. मग गार झाल्यावर घेतला.

तिला खरी काळजी आतल्या पलंगाची नव्हती. शनिवारी मसाला होता. मे महिन्यात कुटणाऱ्या बायका गावठाणात घरोघर फिरतात, आणि वर्षभराचा मसाला एका दिवसात कुटून बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरला जातो. या घरात मसाल्यात जिचा हात तिचं घर. चाव्या काय, चाव्या उद्या परत मागता येतात. पण मिरच्या, धणे, तीळ, खसखस कुटून झाल्यावर नागकेशर, दगडफूल आणि कबाबचिनी किती मुठी आणि कशामागून काय घालायचं, हे फक्त हिल्डाला ठाऊक होतं. सासूने मरण्याआधी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून दरवर्षी ती सगळ्यांकडे पाठ करून मुठी टाकायची, आणि कुटणाऱ्या बायकाही तेवढ्यापुरती मान फिरवायच्या.

जाताना तिने मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. मसाला बिघडेल, आणि वर्षभर घासागणिक या लोकांना हिल्डा आठवेल. लंडनमध्ये फर्स्ट क्लासने पोचून ही मजा चाखायची होती. आता तिला एक तर शनिवारच्या आत उडायला हवं होतं, नाही तर शनिवारच्या आत उंबरा ओलांडायला हवा होता. ओट्यावर बसून एडनाचा हात मसाल्यात जाताना बघणं, यापरीस मरण बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट चढवून मार्कसबरोबर विमानतळावर गेली. कुंदा म्हणाली, "आज विमान भरलंय मॅडम. उद्या बघू." त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोट चढला, ट्रंक टॅक्सीत गेली आणि तशीच परत आली. उन्हाळ्याची सुट्टी, सगळी दुनिया विमानात बसायला निघालेली. गावठाणातली टवाळ पोरं ओट्यावरून जाताना विचारू लागली, "हिल्डामावशी, लंडन कसं काय? थंडी हाय का?" ती उत्तर द्यायची नाही. कोट मात्र काढायची नाही. कोट काढला असता तर ती फर्स्ट क्लासची राहिली नसती, नुसती ओट्यावरची झाली असती.

संध्याकाळी तिने इसिडोरकाकांना खाटेपाशी बोलावलं.

"काका, विनीला सांगून तुमाला विलायती बाटली आणवते. मोठी."

काकांनी आवंढा गिळला. "बघतो. लदीन उलटी फिरवता येते का, फादरला विचारतो. माझ्या आज्याचं म्हणशील तर कोलंबीचाबी दोष होता थोडा."

"मग मी आत येऊ?"

"सकाळी. सकाळी ये."

हिल्डा हरखली. पण तेवढ्यात एडनाने आतून हाक मारली, "काका, भरलेली पापलेटं गार होतात." काका आत गेले. सकाळी ते ओट्यावर आले ते दात कोरत, आणि क्रुसाकडे बघत म्हणाले, "नाय हिल्डा. नियमाशी खेळ नाय. कोलंबीचं मी उगाच बोललो."

त्या दिवशी हिल्डाने काउंटरवर आवाज चढवला. "साहेबाला बोलवा तुमच्या. मना तक्रार करायची हाय."

मार्कसचं तोंड उतरलं. "मम्मा, प्लीज ना. माझी नोकरी आहे इथे."

"तुझी नोकरी हाय आणि माझी इज्जत नाय?"

कुंदाने त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे गार हवा होती, कोच होते, भिंतीवर आयफेल टॉवर होता. एक मुलगा चिमट्याने वाफाळता रुमाल घेऊन आला. हिल्डाला त्याचं काय करायचं ते कळेना, तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. मग टाय घातलेले साहेब आले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे मधे "अगदी बरोबर", "आपली भावना आम्हाला समजते" असं म्हणाले. हिल्डाला आयुष्यात कोणी इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं. बोलता बोलता तिने सतार सांगितली, ओटा सांगितला, एडनाही सांगितली. बोलून संपलं तेव्हा साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपण आलात, फार बरं वाटलं." आणि दार उघडून धरलं. बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की त्यांनी काहीच कबूल केलं नव्हतं. पोटभर ऐकून घेऊन त्यांनी तिला उपाशी बाहेर काढलं होतं.

काउंटरवर कुंदाने मात्र या वेळी आवाज खाली आणला. "मॅडम, एक सुचवू? आजच्याच विमानात मागे, इकॉनॉमीत, एक सीट आहे. पास बदलून देते. संध्याकाळी लेकीपाशी असाल."

"घे मम्मा," मार्कस म्हणाला. "विनीचे दिवस भरत आलेत. मागून गेलीस काय, पुढून गेलीस काय, विमान एकच उतरतं ना?"

हिल्डाच्या डोळ्यांपुढे विनी आली, सुजलेल्या पायांची, परक्या गावात एकटी. क्षणभर ती खरंच 'हो' म्हणणार होती. पण लगेच एडना आली, ट्रे घेऊन. 'ऐकलं का, वयनी मागच्या दाराने गेल्या,' असं सगळ्या गावठाणाला सांगणारी.

"मी मागं बसायची नाय," हिल्डा म्हणाली. "मागं निव्वळ प्रवासी बसतात."

परत जाताना टॅक्सीत मार्कस पहिल्यांदाच तिच्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरजवळ बसला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि हा पीळ तर अजून नीट पेटलाही नव्हता.

शनिवारी उजाडताच कुटणाऱ्या आल्या. मोठ्या शकुबाई पुढे, मागे तिघी, खांद्यावर लांब मुसळं. अंगणात तट्ट्यांवर लाल मिरच्या पसरलेल्या होत्या. एडनाने खापरावर एकेक जिन्नस भाजून घेतला. उखळात मुसळं पडू लागली. ठसका उठला. शिंका, खोकला, शिव्या, आणि मधेच कुटण्याची गाणी. हिल्डा ओट्यावर खाटेत बसून नाकाला पदर लावून सगळं बघत होती. तीळ जरा जास्त भाजले गेले. तिने ओठ चावले. खसखस बरोबर. मिरची कुटून बारीक झाली तशी एकेक बाई मुसळ टेकवून उभी राहिली. आता मुठींची वेळ होती.

एडना ताटात नागकेशर, दगडफूल, कबाबचिनी घेऊन उखळापाशी आली. आणि तिथेच थांबली. तिने हळूच ओट्याकडे पाहिलं.

हिल्डाच्या अंगात जीव आला. आली आता, येणारच होती. आता ही पायरीशी येईल, 'वयनी सांगा ना' म्हणेल. मग मी म्हणेन, आधी मना आत घे. काका म्हणतील तर म्हणू देत. मसाला मोठा की उंबरा मोठा, ते आज ठरेल.

एडना उभीच होती. शकुबाईंनी पदराने घाम पुसला. तेवढ्यात दाराशी ब्रेक लागला आणि मार्कस टॅक्सीतून उडी मारून ओरडत आला.

"मम्मा! सीट मिळाली! फर्स्ट क्लास! एकाने आत्ताच रद्द केली. ऊठ, चल, विमान थांबणार नाही!"

सगळं अंगण उठून उभं राहिलं. इसिडोरकाका "देवा, तुझी कृपा" म्हणाले. हिल्डा खाटेवरून उठली. आता दोन्ही पारडी तिच्या बाजूला होती. फर्स्ट क्लासही आणि मसालाही. ट्रंक मार्कसने उचलली, तरी ती हलेना. पायऱ्या उतरून ती अंगणात एडनासमोर आली.

"एडना, नागकेशर किती घालणार?"

"तुमी जा वयनी. उशीर होईल."

"विचार ना. विचारलंस तर सांगून जाते."

एडनाने इकडे तिकडे पाहिलं. बायका ऐकत होत्या. ती दबक्या आवाजात म्हणाली, "नको ना वयनी. जा तुमी. मी बघते नंतर."

"नंतर? नंतर काय बघतेस? येतच नाय तुला. चाव्या लटकावल्या म्हणजे घर येतं का? कबूल कर ना, सगळ्यांसमोर."

"मम्मा, टॅक्सी—" मार्कस म्हणाला.

"थांब तू! हिला बोलू दे."

एडनाच्या तोंडावरचं ते हसू, ट्रेबरोबर येणारं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा गेलं. त्याखालचा चेहरा दमलेला होता, आणि रागीट अजिबात नव्हता. ते हिल्डाला जास्त लागलं.

"मना येतं वयनी," ती म्हणाली. "सासूनं सांगितलंय."

"खोटं! सासू मेली तवा मी होते तिथं."

"तुमी फादरला बोलवायला गेलेला. तवा तिनं मना जवळ बसवलं आणि सांगितलं. तुमी जायची वाट बघत होते मी, तुमच्या देखत घालायला नको म्हणून. तुमीच थांबलात."

हिल्डाला काहीतरी जहाल बोलायचं होतं, पण तोंडाशी एकच गोष्ट आली.

"मग इतकी वर्षं बोलली का नायस?"

"सासूच म्हणाली, बोलू नको. हिल्डाला वाटू दे, तिलाच येतं. तेवढ्यावर ती घर सांभाळील." एडनाने खाली बघितलं. "आणि तुमी सांभाळलंत ना. मी कशाला बोलू?"

मग ती उखळाकडे वळली. पाठ न फिरवता, सगळ्यांच्या देखत, तिने मुठी टाकायला सुरुवात केली. आधी दगडफूल, त्यामागून नागकेशर, शेवटी कबाबचिनी, ती अर्ध्या मुठीने, बोटांतून गाळत. प्रत्येक मुठीबरोबर कोटाच्या खिशात हिल्डाची मूठ आपोआप मिटत होती आणि उघडत होती. कुठेही चुकत नव्हतं.

"मारा गो," एडना म्हणाली, आणि मुसळं पुन्हा पडू लागली.

हिल्डा टॅक्सीत बसली. बायकांचे हात कोपरापर्यंत लाल होते, त्यामुळे कोणी हात हलवला नाही. इसिडोरकाका फाटकापर्यंत आले, "बाटली विसरू नको" म्हणाले, आणि ठसका लागला म्हणून आत गेले. गच्चीवर जाऊन रुमाल ओले करायला या वेळी कोणी आलं नाही. वाटेत मार्कस काहीबाही बोलत राहिला. इमिग्रेशनला काय सांगायचं, विनीचा नवरा कुठे उभा असेल. हिल्डाने एकदाच विचारलं, "काल मागची सीट होती ना? ती गेली का रे?" मार्कस म्हणाला, "गेली. आता कशाला हवी?" ती म्हणाली, "काल गेले असते तर बरं झालं असतं." त्याला वाटलं, ती विनीबद्दल बोलते. त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिने घेऊ दिला.

काउंटरवर कुंदा होती. आज तिचं हसू शेवटपर्यंत टिकलं. तिने स्वतः हिल्डाला आत सोडलं, "खिडकीची दिलीय मॅडम, मजेत जा" म्हणाली. पुढच्या शिडीवरून हिल्डा चढली. सीट रुंद होती, इतकी की आंबोलीत त्या जागेत दोन पोरं झोपली असती. काचेच्या पेल्यात काहीतरी थंड आलं. चिमट्यात वाफाळता रुमाल आला. तिने तो घेऊन तोंड पुसलं, आणि पांढऱ्या रुमालावर तांबूस पूड उतरली. शेजारी बसलेल्या साहेबाला जोराची शिंक आली. त्याने चौकशीच्या नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"मसाला हाय," हिल्डा म्हणाली. "आमच्याकडं आज मसाला हाय."

"हाऊ इंटरेस्टिंग," साहेब म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं.

विमान धावलं, उचललं, आणि जरा तिरकं झालं. हिल्डाने खिडकीला नाक लावलं. खाली नारळीची झाडं, कौलं, पांढरा क्रूस. आणि मग तिला तो दिसला, अंगणातल्या मिरच्यांचा लाल तुकडा, तळहाताएवढा. त्याच्या कडेला वाकलेली काळी डोकी. आवाज त्यांच्या अंगावरून जात असणार, भांडी थरथरत असणार. तिने काचेवर हात ठेवला आणि हलवला.

खालून कोणीही मान वर केली नाही. इतक्या वर्षांत हिल्डानेही कधी केली नव्हती. मसाला कुटताना वर बघायचं नाही, डोळ्यांत जातो, हे एडनाला तिनेच शिकवलं होतं.